पदकाच्या कडेवरचे नाव

वाचकहो, शिरूर तालुक्यातले निमोणे तुमच्या गावासारखेच आहे. ज्वारी-बाजरी, कांदा, जिथे पाणी पोचले तिथे ऊस. जवळच चिंचणीला घोड नदी अडवलेली आहे. इकडे आलेला पाहुणा रांजणगावच्या गणपतीला जातो, दर्शन घेतो आणि परततो. आज मी तुम्हाला याच भागातून निघणारी एक वेगळी वाट दाखवणार आहे. जुन्या लढायांच्या खुणा पाहायच्या आणि त्या पिढ्यान् पिढ्या कोणी सांभाळल्या हे समजून घ्यायचे. ही वाट शेवटी तुमच्याच माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीशी येऊन थांबणार आहे.

निमोण्याहून आधी शिरूरला चला. जुनी माणसे या गावाला घोडनदीच म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी इथे इंग्रजांची मोठी छावणी होती. तिचा सेनापती कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली इथेच वारला. हा गृहस्थ १८०३ च्या असईच्या लढाईत मराठी फौजांविरुद्ध लढलेला. तरी शिरूरकरांनी त्याला ‘सत्पुरुष’ म्हटले. सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. शत्रूकडचा असला तरी चांगल्या माणसाची आठवण राखायची, ही आपल्या मुलखाची रीत.

याच शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टॉन्टनची पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. तिथला जयस्तंभ पुण्याच्या रस्त्याने जाताना तुम्ही पाहिला असेल. एक जानेवारीला तिथे लाखो लोक जमतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. त्या दगडावर लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. एरवी लढाई म्हटली की राजाचे आणि सेनापतीचे नाव राहते. इथे शिपायाचे राहिले, म्हणून त्याच्या लोकांना शंभर वर्षांनी आपली माणसे सापडली.

आता घोडेच्या उगमाकडे, सह्याद्रीकडे नजर टाका. त्या भागात भीमाशंकर आहे. तिथे टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज घडणीची, क्रूसाची खूण असलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या लुटीतल्या घंटांपैकी ही एक, असे सांगतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि वाईजवळ मेणवलीची घंटाही त्याच मोहिमेतली मानतात. संग्रहालय हा शब्दही आपल्याकडे नव्हता, तेव्हा युद्धातली वस्तू सांभाळण्याचे काम देवळाने केले. घंटा रोज वाजत राहिली म्हणून टिकली आणि तिच्यासोबत वसईची गोष्टही टिकली.

शिरूरहून घोड ओलांडली की नगर जिल्हा. २०२४ पासून नाव अहिल्यानगर झाले, बोलताना अजून नगरच तोंडात येते. तिथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पोरांना घेऊन जरूर जा. पहिल्या महायुद्धाच्या काळातली चिलखती मोटार आहे, जपानी आणि जर्मन गाड्या आहेत, १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा आहे. इतक्या जातीचे रणगाडे एका आवारात पाहायला मिळणे दुर्मिळच.

नगरचे आणि शिरूरचे एक जुने नाते आहे. १८१७ च्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभे राहिले, त्याचे पुढे ‘पूना हॉर्स’ झाले. त्याच्या सुरुवातीच्या इतिहासात शिरूरच्या छावणीचे नाव येते. १८५७ साली इराणात खुशाबच्या लढाईत या पलटणीने शत्रूचे निशाण जिंकले, टोकाला चांदीचा पंजा असलेले. ते निशाण पलटणीने पिढ्यान् पिढ्या जपले आहे. याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ साली आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ साली रणगाड्यात लढता लढता पडले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. खेत्रपालांचा ‘फामागुस्टा’ नावाचा रणगाडा नगरच्या लष्करी केंद्रात जपून ठेवला आहे.

देवळाने जपले, पलटणीने जपले. एकट्या माणसाने छंद म्हणून किती जपावे, ते पाहायचे तर पुण्याला केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि १९९० साली जाईपर्यंत ते थांबले नाहीत. पत्नी कमलाबाईंची साथ होती. शस्त्रे, चिलखते, दिवे, अडकित्ते, वाद्ये, सगळे गावोगाव फिरून जमवलेले. लहानपणी गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि सारा संग्रह सरकारच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, हवाली केला.

आता तुमच्या घरी या. आपल्या भागातून फौजेत गेलेली माणसे काही थोडी नाहीत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकमध्ये लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने त्या कुतच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या. त्या मोहिमेत पडलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र नाव नाही, पलटणीखाली नुसता आकडा. ही असमानता खुद्द युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली कबूल केली.

बसऱ्याच्या दगडावर जे नाव नाही, ते तुमच्या पेटीत असू शकते. पहिल्या युद्धाचे गोल चांदीचे पदक हातात घ्या आणि कडेवर नजर फिरवा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरात उमटवलेली असते. दुसऱ्या युद्धाचे तारे हिंदी सैनिकांना दिले, तेव्हा त्यांच्यावरही नावे घातली. आणि हे पदक जाते कुठे? चांदी सुमारे तीस ग्रॅम. अडचणीच्या वर्षी सोनाराकडे मोडीत जाते. काशाचे असले तर भंगारवाल्याच्या तराजूत. पैसे महिनाभर पुरत नाहीत, आणि आजोबांचे नाव मुशीत वितळून जाते.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

पदक चिंचेने, राखेने घासू नका. दर दिवाळीला घासलेल्या पदकाची कड गुळगुळीत होते आणि आधी नावच जाते. कोरड्या मऊ सुती फडक्याने पुसा, तेवढे पुरे.

पेटी धान्याच्या खोलीत ठेवू नका. धान्याला लावायच्या विषारी गोळ्यांचा वायू चांदी, तांबे, पितळ खातो. माणसाला तर तो घातकच. त्या गोळ्या राहत्या घरात वापरायच्याच नसतात.

डिस्चार्ज बुक, पत्रे, फोटो भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. पेटी विटांवर ठेवा. कागदांचे मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवा. फोटोमागे कोण, कुठे, कोणत्या साली, ते शिसपेन्सिलीने लिहा. आजी आहे तोवर विचारा. तिच्यानंतर त्या फोटोतला जवान नुसता फेटेवाला होतो.

सरावाच्या मैदानाजवळ सापडलेला गोळा, काडतूस, जुना बाँब मात्र हौसेनेही घरात आणू नका, भंगारासाठी फोडू तर मुळीच नका. अशाने माणसे गेली आहेत. हात न लावता पोलिसांना कळवा.

कोणी गोड बोलून पदक मागत आला, तर घाई करू नका. शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. १९७२ चा कायदा आहे. पदकावरून माहिती काढायची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा पलटणीच्या माणसाची चौकशी बेळगावच्या केंद्राकडे करता येते.

शाळेतल्या मुलांना हा छंद लावता येईल. वस्तू ज्याच्या त्याच्या घरातच राहू द्या. एक जाड वही घाला आणि घरोघर फिरून लिहा: नाव, नंबर, पलटण, कोणत्या लढाईत, घरात काय शिल्लक आहे. त्यात आज सरहद्दीवर असलेल्या पोरांचेही पान ठेवा. निमोण्यापासून नगरपर्यंत जे पाहिले ते मोठ्यांनी जपले. ही वही मात्र गावालाच घालावी लागेल, आणि येत्या दिवाळीत माळा झाडताना तिचे पहिले पान भरता येईल.