बेगूरचा वीरगळ
बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतींतून एका रविवारी मी जवळच्या बेगूरला गेलो. तेथील नागेश्वराच्या देवळात सुमारे इ. स. ८९० चा वीरगळ आहे. बेंगळूरच्या लढाईत नागत्तराचा मुलगा बुट्टणसेट्टी पडला, असे त्यावर कोरले आहे. या शहराच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. लोकांना मात्र उकडलेल्या दाण्यांची दंतकथाच ठाऊक!

लिपी मला परकी. पण दगडाची जात ओळखीची. ‘वीरगळ’ हा शब्दच आपण कन्नडकडून घेतला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. आपल्या गावकुसांवरचे बहुतेक वीरगळ मुके असतात. खाली लढाई, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्यचंद्र. नाव कुठेच नाही. कुणीतरी शेंदूर लावतो, एवढेच. येथे नाव आहे. शत्रूचे नव्हे, बापाचे आणि मुलाचे.