पेवातला हिशोब

सांगलीस जाणारा माणूस सहसा गणपतीच्या दर्शनाला, नाटकाला, नाहीतर कुणाच्या लग्नाला जातो. मी २०२२ च्या ऑगस्टात गेलो तो एका हळदीच्या अडत्याचा संगणकावरचा जुना हिशोब नव्या घरी नेऊन ठेवायला. आयर्विन पुलाखालून कृष्णा तांबडी होऊन वाहत होती. मार्केट यार्डात शिरताच अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्याचे भवितव्य मला कळून चुकले. तिथे हवेलाच हळद लागलेली असते.

पेढी तीन पिढ्यांची. गादी, तक्क्या, भिंतीवर लक्ष्मी, आणि कोपऱ्यात झाकणाखाली संगणक. त्यावर १९९४ साली कुणा हुशार मुलाने फॉक्सप्रोत लिहून दिलेला प्रोग्रॅम. मुलगा पुढे परदेशी गेला, प्रोग्रॅम राहिला. हे फॉक्सप्रो मूळचे अमेरिकेतल्या ओहायोचे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ते कंपनीसकट घेतले, २००४ साली शेवटची आवृत्ती काढली आणि २०१५ साली त्यावरचा हातही काढून घेतला. सांगलीत त्याची कुणाला दादफिर्याद नव्हती. वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल वजा जाता बाकी, अशी शेतकऱ्याची पट्टी खरखर करीत निघतच होती.

घाई होती ती वेगळीच. हा प्रोग्रॅम ज्यांना वाचता येत होता ते दिवाणजी दिवाळीनंतर घरी बसणार होते.

सत्तरी ओलांडलेला, टोपी न चुकणारा माणूस. फॉक्सप्रोत रकान्याचे नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, म्हणून सारी नावे तुटकी. त्यांचा अर्थ दिवाणजींच्या डोक्यात. एकाच पाटलांची इंग्रजी स्पेलिंगे तीन. त्यातले हरिपूरचे कोण नि अंकलीचे कोण, हेही तिथेच. मी वही घेऊन समोर बसलो आणि चार दिवस उठलो नाही. (भडंग अखंड येत होते, हे कबूल केले पाहिजे.)

एका रकान्यात बहुतेक ठिकाणी काहीच नव्हते, क्वचित ‘व्ही’ एवढे एकच अक्षर.

“काढून टाका की तो,” धाकटे मालक म्हणाले. “रिकामाच आहे.”

दिवाणजींनी चष्मा काढला. “बाळासाहेब, ती वारलेली माणसं आहेत. माल विकला, पैसे आपल्याकडं, वारस यायचाय.”

पेढीवर कुणी बोलेना. मग आणखी एक गोष्ट मला सांगावी लागली. फॉक्सप्रोत नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्यावर नुसती खूण पडते, आणि मुद्दाम झाडलोट केली तरच ती नाहीशी होते. इथे झाडलोट कधीच झाली नव्हती. खुणेच्या नोंदी उघडल्या, तर त्यांतही ‘व्ही’ची खाती निघाली. कुणी खोडली, कशासाठी, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. थोरल्या मालकांनी एवढेच म्हटले, “सगळी न्या.”

त्या संध्याकाळी दिवाणजी मला हरिपुरास घेऊन गेले. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, आणि आसपास जमिनीत हळदीची पेवे. वर तोंड अरुंद, आत खोल, रुंद खड्डा. पाला-चटया लावून हळद भरायची नि तोंड मातीने लिंपायचे. वर्षानुवर्षे कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे गेली. आता गोदामे आणि शीतगृहे आहेत. “पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,” दिवाणजी सांगत होते. “आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.”

कामही आम्ही तसेच केले. मूळ फायलींना हात न लावता त्यांच्या नकलेवर सारे प्रयोग. मग दीड महिना दोन्ही संगणक शेजारी ठेवून प्रत्येक पट्टी दोनदा काढली. रोज संध्याकाळी दिवाणजी दोन्ही कागद उजेडात धरून पैशापर्यंत ताडून बघत. कुठे पैशाचा फरक आला, की मला पुण्याला फोन.

लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या जागी नव्या संगणकाला हळदकुंकू लागले. त्याच आठवड्यात वाळव्याकडचा एक मुलगा आजोबांची पिवळी पडलेली पट्टी घेऊन पेढीवर आला. धाकट्या मालकांनी नाव घातले. खाते निघाले, पुढे ‘वारस येणे’ असे मराठीत. दिवाणजींनी रक्कम दोनदा मोजली, पावती पुढे सरकवली आणि म्हणाले, “पूर्ण नाव लिही बाळा. आजोबांचंही.”