जंगल सफारी, व्हाया पामतेल

बोर्निओ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घनदाट जंगल, ओरांगउटान, डिस्कव्हरी चॅनेल! हे सगळं तिथे आहे, अगदी नक्की आहे. फक्त त्याआधी पामचे मळे लागतात. आणि ते काही केल्या संपत नाहीत.

मलेशियाच्या साबा राज्यातल्या सांडाकान शहरातून सुकाऊ गावाला जायला गाडीने दोन-अडीच तास लागतात. पहिली पंधरा मिनिटं मी कॅमेरा सरसावून बसले होते. नंतर तो गुपचूप बॅगेत गेला. दोन्ही बाजूंना तेच झाड, त्याच उंचीचं, तेवढ्याच अंतरावर. समोरून येणारे ट्रक लाल-नारिंगी फळांच्या घडांनी गच्च भरलेले. घड तोडल्यावर साधारण २४ तासांत मिलमध्ये पोचावा लागतो, नाहीतर तेलाची क्वालिटी घसरते. त्यामुळे सगळेच घाईत.

सुकाऊला मात्र सीन एकदम बदलतो. समोर किनाबातांगान! ५६० किलोमीटर लांबीची, साबातली सगळ्यात मोठी नदी. पाणी कटिंग चहाच्या रंगाचं. इथली संध्याकाळची बोटराइड म्हणजे मस्ट! काठावरच्या झाडांवर लोंबत्या नाकाची प्रोबोसिस माकडं निवांत बसलेली असतात. मोठं नाक आणि सुटलेलं पोट बघून मलय लोकांनी त्यांना 'डच माकड' असं नाव ठेवलंय. हॉर्नबिल दिसतात, मगरी दिसतात, आणि नशीब जोरावर असेल तर हत्तींचा अख्खा कळप.

दोन तासांत एवढं सगळं दिसतं तरी कसं? एक तर नदीकाठचं हे जंगल खरंच श्रीमंत आहे. पण दुसरं कारण आमच्या गाइडने दाखवलं. एका वळणावर त्याने बोट काठाला लावली आणि झाडीतून पलीकडे बघायला सांगितलं. चार झाडं ओलांडली की पाम सुरू! प्राण्यांना मागे सरकायला जागाच उरलेली नाही, म्हणून ते काठावर गर्दी करतात.

२००५ मध्ये इथलं सुमारे २६ हजार हेक्टर जंगल अभयारण्य म्हणून राखलं गेलं, पण दहा तुकड्यांत. मध्ये मळे, गावं, रस्ते. या तुकड्यातून त्या तुकड्यात जायचं तर हत्तींना मळ्यातूनच जावं लागतं. त्यात कोवळ्या पामचा गाभा हा त्यांचा आवडता खाऊ. मग मळेवाले विजेचं कुंपण घालतात. बोर्निओच्या या हत्तींची संख्या आता सुमारे एक हजार उरली आहे. २०२४ मध्ये आययूसीएनने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं.

मग पामतेलावर बहिष्कार? थांबा, इथेच खरा ट्विस्ट आहे. एका हेक्टर पाममधून वर्षाला तीन-चार टन तेल निघतं, सोयाबीनमधून जेमतेम अर्धा टन. पाम सोडून तेवढंच तेल दुसऱ्या पिकांतून काढायचं तर नऊपटीपर्यंत जास्त जमीन लागेल, असं आययूसीएननेच २०१८ च्या अहवालात म्हटलंय. शिवाय जगातला सुमारे ४० टक्के पाम छोट्या शेतकऱ्यांचा आहे. आमच्या गाइडच्या घरीही थोडा पाम होताच. हा दिवसा पाहुण्यांना हत्ती दाखवतो आणि तेच हत्ती रोपांत शिरू नयेत म्हणून त्याचा भाऊ रात्र जागतो. याला व्हिलन कसं म्हणायचं?

उपाय आहे, आणि तो फार अवघडही नाही. साबाच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नदीकाठची २० मीटर जागा मोकळी सोडायची असते. पण कित्येक ठिकाणी पाम पार पाण्यापर्यंत गेलाय. पंचवीसेक वर्षांनी झाड फार उंच होतं, बांबूला बांधलेला कोयता घडापर्यंत पोचत नाही, आणि जुना मळा काढून नवा लावावा लागतो. तीच संधी! त्या वेळी काठावर पुन्हा पाम न लावता जंगलाला जागा सोडली, तर हत्तींना वाट मिळते.

पण सोडलेल्या जागेचं उत्पन्न बुडतं, ते कोण भरून देणार? २००४ मध्ये सुरू झालेली आरएसपीओ संस्था नियम पाळणाऱ्या मळ्यांना सर्टिफिकेट देते. जगातलं साधारण पाचवा हिस्सा पामतेल आज सर्टिफाइड आहे. त्याला थोडा जास्त भाव द्यायला युरोपातल्या कंपन्या तयार होतात. आणि जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश कोणता? आपला भारत! एकेकाळी रेशनच्या रांगेत मिळणारं पामोलिन आज फरसाणात, बिस्किटात, नूडल्समध्ये, साबणात आहे. आपण मात्र फक्त स्वस्त मागतो. सर्टिफाइड तेलाला आपल्याकडे मागणी अगदीच कमी. म्हणजे त्या २० मीटरचा हिशोब थोडाफार आपल्या चार वाजताच्या चहा-बिस्किटातही आहे, बॉस!

जायचंय? मुंबईहून क्वालालंपूर, तिथून विमानाने सांडाकान. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. वाटेत सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र चुकवू नका, १९६४ पासून अनाथ पिल्लं सांभाळतंय. बातू पुतेह गावातल्या कोपेल या सहकारी संस्थेकडे होमस्टेची सोय आहे. ही मंडळी नदीकाठी पुन्हा जंगल लावताहेत, आणि तुम्हालाही रोपं लावायला नेतात. मातीत हात घालायची तयारी ठेवा. आणि परत आल्यावर पुढचा पुडा घेताना मागची बारीक अक्षरं एकदा वाचा. 'पामोलिन' दिसलं तर कंपनीला एक ईमेल टाका: तेल कुठलं, सर्टिफाइड आहे का? दोन मिनिटांचं काम आहे.