टाचेतलं चाक

लेकीला चाकाचे बूट हवेत. टाचेत एकच चाक. चवडे उचलले की घरंगळायचं, टेकवले की चालायचं. अमेरिकेच्या रॉजर अ‍ॅडम्स यांची ही कल्पना ‘हीलीज’ नावाने २००० साली बाजारात आली.

“हात मोडून घेशील गं,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्याकडं आहेत की!” लेकीचं उत्तर तयार.

सासूबाईंचं चुकत नाही. भार टाचेवर, त्यामुळे तोल मागे जातो. पडताना हात आपोआप टेकतो आणि मनगट दुखावतं. साधे स्केट्स घालताना हेल्मेट आठवतं. हे मात्र दिसायला नेहमीचे बूट, म्हणून कुणी काही घालत नाही. धोका तिथंच. त्यात आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्या: लावलेल्या गाड्या, गतिरोधक, खडी, मधूनच घुसणारी मोपेड.

पण पडण्याच्या भीतीनं पोरीला घरात बसवणं कोल्हापूरच्या तालमीच्या मातीला शोभत नाही. शिवाय चाक काढता येतं.

म्हणून ठरलं: आधी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड, मग बूट. चाक माझ्या कपाटात. सपाट, बंदिस्त मैदानावरच लागेल. रस्त्यावर, जिन्यात, दुकानात नाही. गार्डांचे पैसे परवडत नसतील, तर बूटही परवडत नाहीत.