जुनी गाडी वाचताना

वापरलेली मोटार विकत घेण्यापूर्वी ती नीट तपासावी, हे सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण मालकाचे बोलणे ऐकतात आणि आपल्या मनातील इच्छेला त्यात होकार शोधतात. गाडी वेगवान जातीची असेल, तर ही इच्छा अधिकच प्रबळ होते. टर्बो पेट्रोल इंजिन, रुंद टायर, रस्त्याला बिलगून धावणारी बांधणी यांच्या मोहात पडलेला माणूस निम्मा व्यवहार पाहताक्षणीच करून टाकतो. भाषेच्या अभ्यासाने मला एक सवय लावली आहे. कोणी काय सांगतो, याबरोबरच त्याला ते कसे कळले, हेही विचारावे. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात. ही सवय व्याकरणाबाहेर किती उपयोगी पडते, ते एका व्यवहारातून पाहू.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने चार वर्षांच्या बचतीतून अशी एक गाडी घ्यायचे ठरवले. गाडी पुण्यातच होती. मालक तरुण आणि बोलण्यात अतिशय सौजन्यशील होता. जाताना मी तिला एवढेच सांगितले की, आज गाडी घ्यायची नाही, फक्त वाचायची आहे.

मालक म्हणाला, “गाडीला पुढून थोडं लागलं होतं, टचिंग झालेलं आहे. बाकी एक रुपयाचं काम नाही.” या वाक्यांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. मराठीत ‘काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’ अशा दोन्ही रचना आहेत. पहिलीत घटना उरते, ती घडवणारा नाहीसा होतो. ‘लागलं होतं’, ‘झालेलं आहे’ ही रूपेही तशीच आहेत. त्यांत खोटे काही नसते; केवळ कर्ता नसतो. गाडीच्या व्यवहारात तो कर्ता परत आणावा लागतो. पुतणीने शांतपणे विचारले, “दादा, कोणाकडून लागली? कुठे दुरुस्त केली? तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?” थोडे थांबून तो म्हणाला, “मी मागच्या वर्षीच घेतलीय. आधीच्या मालकानं मला तसं सांगितलं.” म्हणजे त्याच्या मूळ वाक्यात ‘म्हणे’ हा शब्द हवा होता. ऐकीव माहिती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली गेली की, तिची किंमत नकळत वाढते.

मग आम्ही कागद पाहिले. विम्याचा दावा केला नाही, तर हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होते आणि दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. दावा केला की शून्यावर येते. फायलीत पहिल्या मालकाच्या जुन्या पॉलिसी होत्या. तिसऱ्या वर्षीच्या पॉलिसीवर २५ टक्के सूट होती, चौथ्या वर्षी शून्य. ‘थोडं लागलं’ या दोन शब्दांपेक्षा हे दोन आकडे अधिक बोलके होते. सूट घालवून दावा केला, त्या अर्थी खर्च किरकोळ नसावा.

त्यानंतर पत्रा. कारखान्यातील मूळ रंगाचा थर सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. बॉनेटवर आणि डाव्या फेंडरवर मोजणी ३०० च्या वर गेली. फेंडरच्या बोल्टवरील रंग पान्याने तुटलेला होता. जुन्या हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या द्रव्याचा लेप देत असत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळाने अक्षर झाकले जाते. मात्र येथे काही झाकले आहे, हेही तोच सांगतो. नव्या रंगाचेही तसेच आहे.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करायला लावावे. आपण पोहोचण्याआधीच कोणी ते तापवून ठेवले असेल, तर त्याचे कारण विचारावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळत असण्याचा संभव असतो. वेगवान गाड्यांत इंजिनच्या संगणकातील आज्ञावली बदलून ताकद वाढवण्याची हौस असते आणि विकताना मूळ आज्ञावली परत भरली जाते. आज्ञावली परत येते, झिजलेला क्लच परत येत नाही. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनच्या फेऱ्या चढल्या आणि गाडीचा वेग त्या प्रमाणात चढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. टायरवरील शेवटचे चार अंक त्याची जन्मतारीख असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तो टायर कायद्यालाही चालत नाही.

स्कॅनर लावल्यावर एकही दोष नोंदलेला दिसला नाही, म्हणून निश्चिंत होऊ नये. दोषांच्या नोंदी पुसता येतात. मात्र पुसल्यानंतर गाडीच्या अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही प्रवास लागतो. त्या अपूर्ण दिसल्या, तर स्मृती नुकतीच पुसली गेली असावी.

आमच्या गाडीत निर्णायक ठरली ती एक अनुपस्थिती. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरील इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. बाकीचे लागले, एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. पेटून राहिलेला दिवा सर्वांच्या लक्षात येतो. न पेटलेला दिवा पाहण्यासाठी तो कोठे असायला हवा, हे आधी ठाऊक असावे लागते. मालकाच्या संमतीने गाडी वर्कशॉपमध्ये नेली. जुन्या अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसवलेलीच नव्हती आणि दिव्याची जोडणी काढून टाकलेली होती.

मालक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, दर आठवड्याला आईला याच गाडीतून साताऱ्याला नेतो. ती माझ्या शेजारीच बसते.” त्याने आम्हांला फसवले नव्हते, त्यालाही एक कर्ता नसलेले वाक्य मिळाले होते आणि त्याने ते जसेच्या तसे पुढे दिले होते. पुतणीने गाडी घेतली नाही. परतताना ती म्हणाली, “काका, गाडी गेली याचं वाईट वाटतंच. पण आज त्यांना कळलं, हे बरं झालं.” मालकाने त्याच दिवशी एअरबॅग बसवण्याची मागणी नोंदवली आणि तोवर ती गाडी न चालवण्याचे ठरवले.

प्रश्न विचारणे हा समोरच्याचा अपमान आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ‘माणूस चांगला वाटला’ म्हणून आपण गाडीखाली वाकून पाहत नाही. पण माणूस चांगला असणे आणि त्याची माहिती खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आदर ठेवून दुसरी तपासता येते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहात. तुमची बचतही अशीच कष्टाची असेल. ती मोजून देण्यापूर्वी समोरच्या वाक्यातील कर्ता शोधा, सांगणाऱ्याने काय पाहिले आणि काय ऐकले ते वेगळे करा, आणि जो दिवा लागायला हवा होता तो लागला का, ते पाहा. मनाला गाडी फारच आवडली असेल, तर हे सारे दोनदा करा.