बालीत 15 गुंठे

बालीला जाऊन आलो. आता बालीला कोण जात नाही? आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांचे हनिमूनचे फोटो त्याच एका झोपाळ्यावरचे आहेत. पण आम्ही तिघं मित्र गेलो होतो जमीन बघायला! (हसू नका. पुण्यातल्या टू-बीएचकेचे भाव बघून माणूस काहीही करतो.)

कल्पना एका मित्राची. किनाऱ्यावरची चांगू वगैरे गावं आता फार महाग झाली, पुढचा पैसा डोंगराकडे तबानान जिल्ह्यात जाणार, असं त्याचं म्हणणं. तबानान म्हणजे बालीचं भाताचं कोठार. तिथे 15 आर जमीन 25 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घ्यायची, दोन छोटे व्हिला बांधायचे आणि पर्यटकांना भाड्याने द्यायचे. त्याच्या एक्सेल शीटमध्ये सहाव्या वर्षी पैसे वसूल होत होते. एक्सेलमध्ये सगळंच वसूल होतं म्हणा. माझा वाटा म्हणजे माझी चार वर्षांची बचत.

बालीत जमीन आरमध्येच मोजतात. आपल्या सातबाऱ्यावर 'हेक्टर-आर' असतं ना, तोच हा आर. 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ गुंठाच. आणि पूर्ण मालकीला तिथे म्हणतात 'हाक मिलिक'. हक्क आणि मिळकत! अरबीतून निघालेले शब्द कुठे कुठे जाऊन बसलेत बघा. पण 1960च्या जमीन कायद्याप्रमाणे हा हाक मिलिक परदेशी माणसाला मिळत नाही. भाडेपट्टा घ्या, नाहीतर ठरावीक मुदतीचा वापरहक्क घ्या. एजंटने हळूच तिसरी वाटही सुचवली. स्थानिक माणसाच्या नावावर घ्यायची आणि आतून करार करून ठेवायचा. हे चक्क बेकायदा आहे. असा व्यवहार रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. आपल्याकडेही शेतकरी नसलेले लोक दुसऱ्याच्या नावावर शेतजमीन घेतात आणि मग दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यातलाच प्रकार.

पहिल्या दिवशी जातिलुविह पाहिलं. बातुकारू डोंगराच्या उतारावरची भातखाचरं, पायरीवर पायरी. 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केली ती यातलीच. वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. आमची जमीन त्या हद्दीच्या बाहेर, दुसऱ्या एका गावात होती. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. मालक साठीचे, डोक्यावर गवती टोपी. ड्रायव्हर त्यांना 'बापाक' म्हणत होता. म्हणजे काका किंवा साहेब, पण मला आपलं 'बापा'च ऐकू येत होतं.

एजंट व्ह्यू दाखवत होता आणि मी पाट बघत होतो. वरच्या खाचरातलं पाणी या खाचरात आणि यातलं बांधाच्या तोंडातून खालच्यात. मी विचारलं, इथे बांधकाम केलं तर खालच्याला पाणी कसं जाणार? एजंट म्हणाला, पाइप टाकू. ड्रायव्हरने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा बापाक हसले. पलीकडे दोन व्हिला झालेत, तिथेही पाइपच टाकलाय म्हणाले. तो पालापाचोळ्याने तुंबतो. खालच्या शेतकऱ्याची लावणी तीन आठवडे मागे पडली, आणि बाकीच्यांचं भात निघाल्यावर सगळे उंदीर एकट्या त्याच्या शेतात!

ही पाण्याची व्यवस्था म्हणजे 'सुबक' (हाही शब्द मराठीच वाटतो, अर्थ मात्र वेगळा). एका पाटावरच्या शेतकऱ्यांचा संघ, त्यांचा प्रमुख 'पेकासेह', आणि कुणी कधी लावणी करायची ते पाण्याच्या देवळांत ठरतं. 1970च्या दशकात सरकारने नवी बियाणी आणली आणि मिळेल तेव्हा पीक घ्या म्हणून सांगितलं, तर पाण्याची मारामारी आणि तुडतुड्यांचा सुळसुळाट झाला. स्टीफन लॅन्सिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर यांच्याबरोबर दोन नद्यांवरच्या 172 सुबकांचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं. प्रत्येकाने आपल्या मनाने लावणी केली तर कीड वाढते, सगळ्यांनी एकदम केली तर पाणी पुरत नाही. देवळांच्या वाटणीच्या जवळपासच सगळ्यात जास्त भात निघालं. लॅन्सिंगच्या 1991च्या पुस्तकाचं नावच 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' आहे. आम्ही प्रोग्रॅमर्स तिथे व्हिला बांधायला आलो होतो.

मला हे सगळं पटकन कळलं त्याचं कारण आजोबा. साक्री तालुक्यात त्यांचं शेत फडात होतं. पांझरेच्या बंधाऱ्यावर फड पद्धत होती. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. लहानपणी मी पाटात पाय सोडून बसलो की आजोबा ओरडायचे, पाणी अडवू नको, खालचा माणूस वाट बघतोय!

ते शेत पप्पांनी 2016 साली विकलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी.

त्यामुळे बापाकना 'विकू नका' म्हणायला माझं तोंडच नव्हतं. त्यांना पैसे हवेत मुलाला क्रूझवर नोकरीला पाठवायला. लोक तिकीट काढून भात बघायला येतात, पण भात लावायला कोणी येत नाही, म्हणाले. त्यांनी मला विचारलं, तुमची शेती आहे का? मी म्हटलं, होती. ड्रायव्हरने काय भाषांतर केलं कोण जाणे, बापाकनी मान डोलावली आणि केळी आणून दिली.

रात्री पप्पांना फोन केला. आपल्या शेतात आता काय आहे? म्हणाले, अरे, प्लॉट पाडलेत, एकही घर उठलेलं नाही. आणि पाट? बुजला. खालच्यांनी बोअर घेतले.

परत येताना विमानतळावर मित्राला नाही म्हणून सांगितलं. तत्त्वासाठी नाही म्हटलं असा आव आणत नाही. निम्मी भीती त्या 25 वर्षांच्या कागदाचीच होती, शिवाय सगळे पैसे आधी द्यायचे! आणि मी नाही म्हटल्याने तिथलं भात वाचणार आहे असंही नाही. मित्राच्या ऑफिसातल्या एकाने दोन दिवसांत माझा वाटा घेतला. पुढच्या महिन्यात करार आहे. मी फक्त पाइप जरा मोठ्या व्यासाचा घ्या आणि तोंडाला जाळी बसवा एवढं कळवलंय. मित्राने अंगठा पाठवला.