पंख कशाचे असावेत?

शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदाच, संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू येशू पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगतो आणि वर येणाऱ्या पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे सापडेल असे सांगतो. पेत्राने त्या गळाला कोणते आमिष लावले, याविषयी शुभवर्तमानकार मौन पाळतो. जाळ्यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या किनारपट्टीवरील भाविकांनाही हा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो पडला तो इंग्लंडमध्ये.

2017 सालच्या उन्हाळ्यात हॅम्पशर परगण्यातील एका धर्मग्रामात काही आठवडे मिस्सा अर्पण करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. टेस्ट आणि इचेन या त्या परगण्यातील दोन प्रसिद्ध नद्या. खडूच्या मऊ खडकातून झिरपून आलेले त्यांचे पाणी इतके नितळ असते की तळाशी हलणारे शेवाळ आणि त्यावर स्थिर उभा असलेला ट्राऊट मासा काठावरून दिसावा. इचेनच्या काठी वसलेल्या विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ‘द कम्प्लीट अँगलर’ या 1653 सालच्या ग्रंथाचा कर्ता आयझॅक वॉल्टन चिरनिद्रा घेत आहे. गळाने मासे धरण्याच्या कलेला तिथे जवळजवळ उपासनेची प्रतिष्ठा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ, पेशाने निवृत्त शिक्षक, दर रविवारी मिस्सानंतर मला चहासाठी घरी नेत. त्यांच्या खिडकीशी एक टेबल होते. टेबलाला घट्ट बसवलेल्या चिमट्यात तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला गळ अडकवून ते त्यावर रेशीमदोऱ्याने कृत्रिम माशी बांधत. पाण्यावर तरंगणाऱ्या या माशीला तिकडे ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात. तिच्या बांधणीचे शास्त्र फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली ग्रंथरूपाने मांडले आणि हॅम्पशरच्या नद्यांवर ते जणू धर्मशास्त्रच होऊन बसले.

ज्या कीटकाची ही नक्कल, तो मेफ्लाय. त्याचे बालपण पाण्याच्या तळाशी जाते. मग तो पृष्ठभागावर येतो, कात टाकतो, पंख उभारून क्षणभर प्रवाहाबरोबर वाहतो आणि उडून जातो. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव वर्ग आहे. प्रौढावस्थेत त्याला काही खाता येत नाही. बहुधा एखाद्या दिवसातच त्याची जीवनयात्रा संपते. पंख उभारून वाहण्याचा जो क्षण, त्याच क्षणी ट्राऊट त्याला टिपतो.

म्हणूनच पंखांना महत्त्व आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातूनच दिसते. त्या झरोक्याभोवती पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा हा परिणाम. कीटक वाहत जवळ येऊ लागला की त्याचे शरीर झरोक्यात शिरण्याआधी उभ्या पंखांची टोके त्यात डोकावतात. माशाला पहिली वर्दी मिळते ती पंखांची.

हे पंख पूर्वापार पिसांचेच असत. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग नावाच्या पक्ष्याच्या पिसांचे दोन नाजूक काप जोडून ते उभे करीत. दिसायला अतिशय देखणे, पण एकदोन मासे लागले की दातांनी चिरून त्यांची लक्तरे होत. बदकाच्या तैलग्रंथीजवळची पिसे सुंदर तरंगतात. मात्र एकदा का माशाची बुळबुळीत लाळ त्यांत मुरली, की ती धुऊन सुकवावी लागतात. आमच्या यजमानांपाशी वडिलांकडून आलेली लाकडी पेटी होती आणि तीत वडिलांनी निवडून ठेवलेली पिसे होती. असे असूनही त्यांच्या टेबलावर मला दिसले ते कृत्रिम धाग्यांचे रंगीत गुंडे!

मी कुतूहलाने विचारले, तेव्हा त्यांनी मला शिक्षकाच्या पद्धतशीरपणे एकेक धागा हाती देऊन समजावले. पहिला पॉलिप्रॉपिलिनचा. तो पाण्याहून हलका आणि पाणी न शोषणारा. दोन बोटांत माशी झटकली की पंख पुन्हा कोरडे. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. नायलॉनचा दोर बुडतो आणि पॉलिप्रॉपिलिनचा तरंगतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. दुसरा धागा अँट्रॉनचा, मूळचा गालिच्यांसाठी बनवलेला. तो नायलॉनचा, म्हणून पाण्याहून जड. पण त्याच्या तंतूचा छेद तीन पाकळ्यांचा असल्याने प्रकाश त्यावर चमकतो आणि हवेचे बुडबुडे त्याला बिलगून राहतात. कात अर्धवट टाकलेल्या कीटकासाठी तो उत्तम. तिसरे होते ऑर्गंझा कापडाचे उसवलेले तंतू. अंडी घालून झाल्यावर पंख पसरून पाण्यावर निपचित पडलेल्या कीटकाचे पारदर्शक पंख त्यातून साधतात.

मग त्यांनी खणातून एक चौथी वस्तू काढली. पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यातून कातरलेले ते पंख होते. त्यांवर शिरासुद्धा छापलेल्या. हुबेहूब मेफ्लाय! मी म्हणालो, “हेच सर्वांत खरे दिसतात.” ते हसले. “फादर, ते खरे दिसतात ते आपल्याला. दोर भिरकावला की हे ताठ पंख वाऱ्यात पंख्यासारखे फिरतात, दोराच्या टोकाला पीळ बसतो, आणि माशी पाण्यावर धड बसत नाही. धाग्यांच्या झुपक्यातून हवा निघून जाते. तो काही पंखासारखा दिसत नाही, पण पंखाचे काम करतो.” धागे घ्यावेत तेही मोजकेच, असे त्यांनी बजावले. झुपका दाट झाला तर माशी पुढे कलते आणि खालून पंखाऐवजी नुसता काळा ठिपका दिसतो.

त्यांच्या माशांपैकी काहींचे पंख भडक नारिंगी होते. असा कीटक निसर्गात कुठे असतो, असे मी विचारले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “डोळे अधू झाले आहेत. संध्याकाळच्या उजेडात राखाडी पंख मला दिसतच नाही. माशाला खालून आकार पुरतो, रंग माझ्यासाठी.” मग जरा थांबून म्हणाले, “वडिलांनी हे पाहिले असते तर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नसते. पण पिसांनाच धरून बसलो असतो, तर मला नदी सोडावी लागली असती.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. वडिलांची पेटी की वडिलांनी दाखवलेली नदी, यांतली निवड सोपी नसते. आपल्या वाडवडिलांपुढेही ती उभी ठाकली होती. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि उपासनेत न बदलणारे काय व काळानुसार बदलू शकणारे काय, यांत विवेक केला. त्यानंतर लॅटिनच्या जागी आपली मराठी वेदीवर आली. लॅटिन प्रार्थनांच्या नादावर वाढलेल्या किती वृद्धांना तेव्हा काहीतरी हरवल्यासारखे वाटले असेल! ते दुःख खोटे नव्हते. पण नातवंडांना मिस्सा समजू लागली, हेही तितकेच खरे होते. योगायोग असा की, पॉलिप्रॉपिलिनवर काम करणारे इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही 1963 सालीच.

खरे तर जुनी परंपराही सोवळी नव्हती. इ. स. 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. हाताशी जे होते आणि ज्याने काम साधत होते, ते त्यांनी घेतले. आपल्याकडेही सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकवीत असत. नायलॉन आले आणि ते कष्ट संपले. त्यामुळे कुणी कोळी कमी कोळी झाला नाही.

तथापि नवे ते निर्दोष, असेही मानता येणार नाही. तुटलेली नायलॉनची जाळी समुद्रात वर्षानुवर्षे मासे अडकवीत राहतात, हे आपण जाणतो. पिसू गळून पडले तर कुजते; कृत्रिम धागा कुजत नाही. एका दिवसाच्या कीटकाची नक्कल करणारा पंख नदीत पिढ्यान्‌पिढ्या उरावा, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. आमच्या यजमानांनी त्याचीही काळजी वाहिली होती. कातरलेल्या धाग्यांचे तुकडे ते एका बरणीत जमा करीत आणि नदीकाठी झाडात गुंतलेला दोर, मग तो दुसऱ्याचा का असेना, सोडवून खिशात घालीत. सृष्टीचे आपण मालक नसून राखणदार आहोत, हे पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या परिपत्रकातून जगाला कळकळीने सांगितले. त्या वृद्धाच्या बरणीत मला त्या शिकवणुकीचे आचरण दिसले.

धर्मग्रामातील सभांमध्ये जुने की नवे, असा वाद अनेकदा रंगतो. गीतांच्या चाली असोत, सणांचे रिवाज असोत वा तरुणांचे उपक्रम. एक पक्ष वडिलांची पेटी उघडून बसतो, दुसरा हुबेहूब दिसणाऱ्या चकचकीत पंखांवर भाळतो. अशा वेळी मी दोन्ही पक्षांना एवढेच विचारतो: याने कोणते काम साधायचे आहे, ते याने साधते का, आणि मागे उरणारा कचरा कोण उचलणार? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मिळाली, की पंख पिसांचे असावेत की धाग्यांचे, हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.